फणी, कात्री आणि पाणी : जटेचा इतिहास आणि आपलं काम

साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरात न्हाव्याला द्यायला पैसे नव्हते असंही नाही. तरी त्या घरातल्या मुलांचे केस कापायचं काम थोरली बहीण करायची. भावांच्या डोक्यावर हात बसवता बसवता ती त्यात तरबेज झाली. कारण एकच होतं. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला गावातला एकही न्हावी तयार नव्हता.

बाबासाहेबांनी स्वतः ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे. त्याच आठवणीतला शाळेच्या पाण्याचा प्रसंग आपण प्रत्येक जयंतीच्या भाषणात सांगतो. शिपाई असेल तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. पण शेजारीच असलेली केसांची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. ती किरकोळ वाटते. मित्रांनो, ती किरकोळ नाही. पाणी नाही आणि न्हावी नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाच्या डोक्याचं काय होतं, याचा विचार करून बघा.

आज हा विषय काढायला कारण आहे. आपल्या वस्त्यांमध्ये आजही जट असलेल्या बाया दिसतात. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कपाटावर तथागतांची मूर्ती आणि त्याच घरातल्या आत्याच्या किंवा मावशीच्या डोक्यावर हळदी-कुंकवाने माखलेली जट. आपण दिवसभर मोबाईलवर मनुवादाशी लढतो आणि संध्याकाळी त्या आत्याच्या हातचा चहा पितो. तिच्या जटेबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. काढलाच तर चेष्टेने.

जट म्हणजे नेमकं काय?

आधी शरीराची बाजू समजून घेऊ. निरोगी माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. हे केस फणीने विंचरल्यावर किंवा न्हाताना निघून जातात. विंचरणंच बंद झालं तर गळलेले केस जागेवरच अडकतात आणि उगवत्या केसांना गुंडाळत जातात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. कोरडे, न धुतलेले केस एकमेकांवर घासले की हे खवले एकमेकांत अडकतात. लोकरीचा नमदा घट्ट होतो, तसाच हा गुंता घट्ट होत जातो.

त्यात कोंड्याची भर पडते. कोंडा म्हणजे डोक्याच्या कातडीचे सुटे पापुद्रे. कातडीच्या तेलावर वाढणारी मॅलेसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी त्याला कारणीभूत असते. मग उवा होतात. ऊ आपली अंडी, म्हणजे लिखा, केसाला चिकटवून ठेवते. उवांमुळे खाज, खाजवल्यामुळे जखमा, जखमांमधून पाझरणारा चिकट द्रव आणि वरून धूळ, घाम. एवढ्यावर केसांची एक बट कडक होते. याच टप्प्यावर घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, ही तर देवीची जट!" त्या दिवसापासून तिथे फणी लागत नाही, साबण लागत नाही, लागतं ते फक्त हळद-कुंकू. म्हणजे आजाराला खतपाणीच. बोटाएवढी बट काही वर्षांत मनगटाएवढी होते. मान दुखते, कूस बदलून झोपता येत नाही, वास येतो, आतली जखम दिसत नाही.

आता जटेमागे देवी असते असं म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारू. यल्लमा, रेणुका, मरीआई यांचं नावही ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्या डोक्यात जट कशी आली? युरोपातल्या पोलंड देशात काही शतकं हाच प्रकार इतका पसरला होता की वैद्यकशास्त्रात त्याला 'प्लिका पोलोनिका' म्हणजे 'पोलंडची जट' असंच नाव पडलं. तिथल्या गरीब शेतकऱ्यांचीही समजूत होती की जट कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्ह शहरातले वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ डिट्ल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम चालवली. स्वच्छता वाढली, भीती कमी झाली आणि जट गेली. पोलंडमधल्या जटेमागे कुठलीही देवी नव्हती. अस्वच्छता होती, गरिबी होती आणि भीती होती. आपल्याकडेही तेच आहे. फरक एवढाच की आपल्याकडे या तिन्हींवर जातीचा शिक्का आहे.

वस्तरा कुणाच्या हुकमाचा?

केस ही खाजगी बाब आहे असं आज आपल्याला वाटतं. ब्राह्मणी व्यवस्थेला तसं कधीच वाटलं नाही. कुणाचे केस कापायचे, कुणाचे कापायचे नाहीत आणि कुणाच्या केसाला फणीही लावायची नाही, हे तिनेच ठरवलं.

ब्राह्मण विधवेचं केशवपन सक्तीचं. तिची इच्छा असो वा नसो, नवरा मेला की न्हाव्यापुढे बसायचं आणि पुढे आयुष्यभर बसत राहायचं. दुसरीकडे महार-मांगांच्या पोराने पैसे दिले तरी न्हावी बसवून घेणार नाही. न्हावी तोच, वस्तरा तोच. एका डोक्यावर तो जबरदस्तीने चालवायचा आणि दुसऱ्या डोक्याला लावायचाच नाही. म्हणजे वस्तरा न्हाव्याच्या हातात असला तरी हुकूम त्याचा नव्हता. न्हावी स्वतः बलुतेदार. अस्पृश्याची हजामत केली तर बाकीचा गाव त्याच्यावर बहिष्कार घालणार आणि त्याचं बलुतं बंद होणार. त्याला दोष देताना त्याच्या मानेवर कुणाचा पाय होता हे आपण विसरता कामा नये.

ही गोष्ट सत्यशोधकांनी ओळखली होती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या सुमारास मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायला नकार दिला. हातावर पोट असलेल्या कारागिरांनी आपल्या मिळकतीवर पाणी सोडून, ज्यांच्याशी जातीने काही संबंध नाही अशा स्त्रियांची बाजू घेतली. वस्तरा खाली ठेवून केलेलं ते बंड होतं. भारतातल्या कामगार चळवळीच्या आणि स्त्रीमुक्तीच्या इतिहासात त्याला मानाचं पान मिळायला हवं. 

आता तिसरं डोकं. देवाला सोडलेल्या मुलीचं, जोगतिणीचं आणि पोतराजाचं. इथे हुकूम उलटा. इथे कात्री लावायची नाही. पोतराजाच्या वाढलेल्या केसांना मरीआईचा मान म्हणायचं आणि त्यालाच अंगावर आसूड ओढत दारोदार फिरवायचं. बाईच्या डोक्यात गुंता झाला की त्याला यल्लमाचं बोलावणं म्हणायचं.

या तीन डोक्यांकडे एकत्र बघा म्हणजे डाव लक्षात येतो. ज्या व्यवस्थेने आपल्या वस्तीला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, जिने न्हाव्याला आपल्या दारात येऊ दिलं नाही, जिने अंगाला लावायला तेल उरेल एवढी मजुरी दिली नाही, तिनेच त्या सगळ्याच्या अभावातून झालेल्या गुंत्याला देवी ठरवलं. आधी पाणी नाकारायचं आणि मग पाण्यावाचून झालेल्या आजाराची पूजा करायला शिकवायचं! शोषणाची यापेक्षा पक्की व्यवस्था दुसरी कोणती असेल? कारण त्यानंतर शोषित माणूस स्वतःच स्वतःच्या आजाराची राखण करतो.

जट फक्त आपल्याच समाजात येते असं मी म्हणत नाही. ती कुठल्याही जातीत येते, शिकलेल्या घरांतही येते. पण जट आली म्हणून मुलगी देवाला वाहायची वेळ कुणावर आली, याचा हिशोब मांडला की उत्तर बहुतेक वेळा गावकुसाबाहेरच सापडतं.

जट आली की मुलगी गेली

बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लमाचं देऊळ आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातल्या वस्त्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या मुली तिथे वाहिल्या गेल्या. त्यासाठी कारण लागायचं. कधी नवस, कधी घरातलं आजारपण, कधी मुलगा नसणं, आणि कधी मुलीच्या डोक्यात आलेली जट. देवऋषी सांगायचा, देवीने मागणी घातली. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं जायचं आणि त्या मुलीचं लग्न कायमचं बंद व्हायचं. देवीशी लग्न झालेली मुलगी प्रत्यक्षात गावातल्या धनदांडग्याच्या वाट्याला यायची आणि त्यातल्या कितीतरी जणी पुढे शहरातल्या वेश्यावस्तीत पोचायच्या. एका शिकेकाईच्या न्हाणाने जो प्रश्न सुटला असता, त्याची किंमत एका मुलीने आख्ख्या आयुष्याने भरायची.

याविरुद्ध आपल्याच माणसांनी आवाज उठवला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केलं आणि मुरळी सोडण्याच्या प्रथेवर सडकून टीका केली. बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली आणि दोनच दिवसांनी स्त्रियांपुढे भाषण करून राहणी, पेहराव आणि स्वच्छता यांवर स्पष्ट सांगितलं. काही जणांना वाटतं, एवढ्या मोठ्या लढ्यात लुगडं कसं नेसावं हे सांगायची काय गरज होती? गरज होती. कारण अस्पृश्यतेची खूण अंगावर वागवायला लावली जात होती आणि ती खूण अंगावरून उतरवणं हाही सत्याग्रहच होता. मुळात चवदार तळ्याचं पाणी फक्त ओंजळभर पिण्यापुरतं नव्हतं. माणूस म्हणून स्वच्छ राहण्याचा हक्क त्या पाण्यातच होता.

पुढे जून १९३६ मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, पोतराज यांच्यापुढे भाषण केलं. धर्मांतराची घोषणा होऊन वर्षही झालं नव्हतं. धर्मांतर करायचं तर हे लाजिरवाणं जिणं सोडावं लागेल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. गोंजारलं नाही, पण परकंही मानलं नाही. समोर बसवून सांगितलं. जिच्यावर अन्याय झाला तिला चळवळीबाहेर ढकलायचं नाही आणि तिच्या गुलामगिरीचं कौतुकही करायचं नाही, ही बाबासाहेबांची रीत होती.

कायदे झाले. मुंबई प्रांतात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली, महाराष्ट्रात २००५ साली. १९७० च्या दशकापासून गडहिंग्लज-निपाणी भागात देवदासींच्या संघटना उभ्या राहिल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन जटा सोडवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं या कामातलं नाव सर्वांना माहीत आहे. पण कायदा मुलगी वाहण्याला बंदी करू शकतो, डोक्यातली भीती काढू शकत नाही. ते काम माणसाने माणसाशी बोलूनच होतं.

धम्माने जटेचं काय केलं?

काही जण म्हणतील, "जटा ही तर ऋषिमुनींची परंपरा, त्यात वाईट काय?" त्यांना उरुवेलेची गोष्ट सांगा. उरुवेल काश्यप, नदी काश्यप आणि गया काश्यप हे तीन भाऊ जटिल होते, म्हणजे जटाधारी अग्निपूजक. त्यांचे अनुक्रमे पाचशे, तीनशे आणि दोनशे शिष्य. तथागतांचा विचार पटल्यावर या सगळ्यांनी जटा कापून नदीत सोडल्या. धम्मात प्रवेश करताना त्यांनी सर्वांत आधी डोक्यावरचा तो भार उतरवला. धम्मपदातल्या ब्राह्मणवग्गातही जटेने कुणी श्रेष्ठ ठरत नाही, हाच विचार आहे.

आणि उपालीला विसरू नका. तो शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र संघात आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा कुळाचा गर्व उतरेल. पुढे तोच उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार ठरला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात काश्यपांची आणि उपालीची अशा दोन्ही कथा घेतल्या, त्या उगाच नाहीत. एकीकडे जट उतरली आणि दुसरीकडे वस्तरा धरणारा हात वंदनीय झाला. वर्णव्यवस्थेने केसांवर जे लिहिलं होतं, ते धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वीच पुसलं होतं.

आता करायचं काय?

इतिहास वाचून मुठी आवळणं सोपं आहे. म्हणून कामाचं बोलू.

वस्तीतल्या मुलींच्या डोक्यापासून सुरुवात करा, कारण उवा आणि कोंडा वेळेवर गेला तर जटेची सुरुवातच होत नाही. उवांसाठी औषधाच्या दुकानात १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. पुडीवर लिहिल्याप्रमाणे, साधारण दहा मिनिटं लावून डोकं धुवायचं आणि बारीक दातांच्या फणीने लिखा काढायच्या. सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायचं, कारण लिखांतून नव्या उवा तोवर बाहेर येतात. घरात ज्यांना ज्यांना उवा असतील त्यांच्यावर एकाच दिवशी उपचार करायचे. रॉकेल किंवा शेतातली फवारणीची औषधं डोक्याला कधीही लावू नका, त्याने जीवावर बेतू शकतं.

कोंड्यासाठी २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. मुलांच्या डोक्यात खवले धरलेला, केस तुटलेला गोल चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटात घ्यायची गोळी काही आठवडे लागते, म्हणून डॉक्टरकडे न्या. गुळगुळीत चट्टा पडला तर ती बहुधा चाई असते. ते केस कुठलाही किडा खात नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटल्याने ते होतं, त्यालाही उपचार आहेत. आणि बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी बाईचे केस मूठमूठ गळू लागले तर कुणाची नजर लागली असं म्हणू नका. ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. तरीही सरकारी दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर प्रश्न तेलाचा नाही, ताटातल्या अन्नाचा आहे.

जट नवी आणि लहान असेल तर भरपूर खोबरेल तेल लावून, टोकाकडून मुळाकडे हळूहळू सोडवता येते. जुनी, कडक जट कापावीच लागते. कापताना दुखत नाही, कारण कातडीबाहेरचा केस हा निर्जीव असतो. नखं कापताना रक्त येत नाही, तसंच. कापल्यावर डोकं स्वच्छ धुवा. जखम, पू किंवा उवा दिसल्या तर त्यावर उपचार करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. वर्षभरात ती बाई पुन्हा वेणी घालायला लागेल.

पण मित्रांनो, कात्री हातात घेण्याआधी एक समजून घ्या. जिच्याकडे आयुष्यभर कुणी मान वर करून बघितलं नाही, तिच्या डोक्यात जट आली आणि लोक तिच्या पाया पडू लागले. नवऱ्याचा मार थांबला. मंगळवार-शुक्रवारी दारात चार माणसं येऊ लागली. काहींची चूल त्यावरच चालते. ही जट ओढून काढली तर आपण तिचा एकमेव मान काढून घेतो. म्हणून जबरदस्ती नको, व्हिडिओ काढणं तर मुळीच नको. तिच्याजवळ बसा, चार वेळा जा, तिची भीती ऐका. बरोबर आपल्या घरातल्या बाया असू द्या. जट निघाल्यावर वस्तीत काही वाईट घडलंच, तर खापर तिच्यावर फुटेल. त्या दिवशी तिच्या दारात उभं राहायची तयारी असेल तरच कात्रीला हात लावा. जोगव्यावर जगणारी असेल तर तिची पेन्शन, रेशनकार्ड, एखादं काम याची जबाबदारी घ्या. देवीने दिलेला मान काढून घ्यायचा असेल तर माणसांनी मान द्यायला शिकलं पाहिजे.

"अमक्या बाईने जट कापली आणि तिचा मुलगा आजारी पडला," असं कुणीतरी सांगेलच. त्याला विचारा, ज्या घरात जट कापलीच नाही तिथे कुणी आजारी पडत नाही का? आणि बायांना वर्षानुवर्षं डोकेदुखी, मानदुखी देणारी ही कसली देवी?

साताऱ्याच्या त्या घरातल्या बहिणीकडे परत जाऊ. इतिहासात तिच्या कात्रीची नोंद बाबासाहेबांच्या चार ओळींपुरतीच आहे. गावाने नाकारलं म्हणून तिने भावांची डोकी तशीच सोडली नाहीत, देवाची मर्जी म्हणून हात जोडले नाहीत. घरातली कात्री उचलली आणि त्यांना शाळेत जायला तयार केलं. आपल्या घरातली आत्या अजून तशीच बसली आहे. या रविवारी तिच्या शेजारी जाऊन बसा. तेलाची बाटली आणि फणी बरोबर न्या. कात्रीचं ती म्हणेल तेव्हा.

जय भीम! नमो बुद्धाय!